नाव बदलायचं नाही

आमच्या धाकटीला घरात सगळे भुंगा म्हणतात. लहानपणी एखादी वस्तू हाती लागली, की ती उघडून होईपर्यंत गुणगुणत बसायची. शिकून बँकेत लागेल असं मला वाटायचं. तिने कोपऱ्यावरचा गाळा भाड्याने घेतला आणि लोकांच्या जुन्या व्हिडिओ कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून द्यायला लागली.

"अगं, आता कॅसेटी उरल्यात कोणाकडे?" मी म्हणायची.

"ज्यांच्याकडे उरल्यात ना आई, ते घासाघीस करत नाहीत."

तिचं काम शिस्तीचं. कॅसेट एकदाच चालवायची. ती जशीच्या तशी 'कच्चे' नावाच्या फोल्डरमध्ये उतरते. मग सॉफ्टवेअर तिच्यातून मोबाइलवर चालेल अशी लहान फाइल बनवून 'तयार'मध्ये ठेवतं आणि नावही स्वतःच लावतं: तारीख आणि पावतीचा नंबर. "नावाच्या चौकटीला हात लावायचा नाही," हा तिचा एकच कायदा.

त्या शुक्रवारी तिला दाताच्या डॉक्टरांकडे जायचं होतं, म्हणून गाळ्यात मी बसले. शेजारच्या शिंपीकाकांची लग्नाची कॅसेट सकाळीच उतरवून झाली होती आणि बाहेर काढताना तिची फीत तुटली होती. काकू जाऊन चार वर्षं झाली. त्यांचा आवाज असलेली दुसरी वस्तू त्या घरात नाही.

मी काकांची फाइल बनवायला घेतली. नावाच्या चौकटीत नुसते आकडे. मी मिठाच्या डब्यावरही चिठ्ठी लावणारी बाई. आकडे पुसून 'लग्न' लिहिलं. पुढचं गिऱ्हाईकही लग्नवालंच, म्हणून पुन्हा 'लग्न'. या नावाची फाइल आधीच आहे, तिच्या जागी ही ठेवू का, असं कॉम्प्युटरने विचारलं. मी घाईत 'हो' दाबलं. नंतर उघडून बघते तर भलतीच नवरी. काकू कुठेच नाहीत!

कॅसेट पुन्हा लावावी, तर फीत तुटलेली. त्यात शुक्रवारी भुंगा कच्च्या फाइली पुसते. सकाळी पुसताना मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

ती आली, अर्धा गाल सुजलेला. मी सगळं सांगितलं.

"नावाला हात लावलास?"

"लावला."

"आणि वर 'हो' म्हणालीस? बाबांना कधी एवढ्या पटकन 'हो' म्हणाली नाहीस." तिने 'कच्चे' उघडलं. काकांची फाइल तिथेच होती. "गिऱ्हाईक माझ्यासमोर बसून शेवटपर्यंत बघत नाही, तोवर त्याचं कच्चं मी पुसत नाही. सकाळी पुसली ती बघून झालेल्यांची. बस आता, तूच परत कर."

मी केली. आकड्यांकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

सहा वाजता काका आले आणि स्टुलावर बसून बघू लागले. पडद्यावर कोवळ्या काकू नवऱ्याकडे झुकून म्हणाल्या, "अहो शिंपी, कोटाचं बटण चुकीच्या काजात लावलंय!" काका खो-खो हसले आणि त्यांचा हात नकळत स्वतःच्या शर्टाच्या बटणांवर गेला.

"सगळं नीट आलंय ना काका? मग कच्चं पुसू?" भुंग्याने विचारलं.

"आज राहू दे ग पोरी."

त्यानंतर तीन शुक्रवार गेले. ती फाइल अजून तिथेच आहे.