कूलर बंद करा!

आता काय सांगू, ही फजिती सांगायची तर आधी माझा विजय सांगावा लागेल. खरंच जिंकले होते हो मी!

आमच्या अमरावतीच्या घरात प्रत्येक वस्तूला पसंती मोठेबाबांची, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची. मिक्सर त्यांचा, सोफा त्यांचा, कॉलेजातली माझी शाखासुद्धा त्यांचीच! म्हणून पहिल्या पगारातून गाणी ऐकायला व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या रेडिओसारख्या तापून पेटणाऱ्या काचेच्या नळ्यांचा, अ‍ॅम्प्लिफायर घ्यायचं ठरलं, तेव्हाच मी जाहीर केलं, "हा मी निवडणार."

तरी मोठेबाबा अकोल्याला सोबत आलेच. तिथं जुन्या शहरात एक मिस्त्री हे अ‍ॅम्प हातानं बनवतात. त्यांनी दोन समोर ठेवले. एकात दर स्पीकरला एकच व्हॉल्व्ह. ताकद कमी, पण आवाज गोड. दुसऱ्यात व्हॉल्व्हची जोडी, ताकद दांडगी.

"जोडीचा घे," मोठेबाबा म्हणाले. "एका बैलानं वखर चालते काय?"

"मले गाणं ऐकायचं आहे, वावर नाही वखरायचं!"

मी तिथंच परीक्षा मांडली. मोठेबाबांच्या डोळ्यांवर त्यांच्याच खांद्यावरचा दुपट्टा बांधला आणि मिस्त्रींना फर्मान सोडलं, "कूलर बंद करा!"

"बाई, मे महिना आहे."

"दोन मिनिटं!"

दोन्ही वाजले. मोठेबाबा डुलायलाच लागले. "हा दुसरा! काय गोड आहे वो! हाच जोडीचा."

दुपट्टा सोडला. वाजत होता एकट्या व्हॉल्व्हचा! त्यांचा चेहरा पाहायला हवा होता तुम्ही! जन्मात पहिल्यांदा म्हणाले, "पोरगी बराबर बोलून राहिली." परतताना मूर्तिजापूर येईस्तोवर ते वाक्य मी तीनदा म्हणवून घेतलं.

घरी सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं. व्हॉल्व्ह झकास पेटले.

"लाव ना आता," आई म्हणाली.

"लावलंय!"

"कुठं?"

आमच्या खिडकीतला कूलर तुम्ही ऐकला नाही. विमान परवडलं! आवाज पूर्ण वाढवला, तरी गाणारी बाई अकोल्यातच राहिलेली. शेवटी कूलर बंद केला. काय सुंदर गाणं! आणि काय घाम! त्यात व्हॉल्व्हची शेगडी शेजारीच. एकेक जण कूलर असलेल्या दुसऱ्या खोलीत पसार.

मोठेबाबा दारातून म्हणाले, "काहून वो, जोडीचा आणू काय बदलून?"

"मुळीच नाही!" जिंकले होते ना मी!

सध्या डोक्यावर ओला टॉवेल घेऊन एकटीच ऐकते. आवाज? अप्रतिम! तुम्हीही या ना ऐकायला.

फक्त दिवाळीनंतर.