उलट टाक्याची तीट

भिवंडीत "मी विणकाम करते" असं सांगायची सोय नाही. समोरचा लगेच विचारतो, "किती लूम?" बँकेतल्या एका शहाण्याने तर माग शटलचे की रेपियरचे तेही विचारलं होतं. मी पिशवीतून दोन सुया काढून त्याच्या टेबलावर ठेवल्या. "अच्छा, ते होय, टाइमपास," असं म्हणून त्याने माझं पासबुक बाजूला सारलं. या गावाला कापड कळतं असा या गावाचाच समज आहे.

आमच्या नारपोलीत इमारतीमागे दिवसभर लूम खडखडतात, घामाने ब्लाउज पाठीला चिकटतो आणि मी मांडीवर लोकर घेऊन बसते. इथे स्वेटर लागतो कुणाला? तर ज्यांच्याकडे एसी आहे त्यांना.

माझी थोरली जाऊ त्यांच्यातली पहिली. आम्ही अंजूर गावातली आमच्या वाट्याची जमीन घाईने विकून नारपोलीत दोन खोल्या घेतल्या. जाऊबाई थांबल्या, आणि त्यांच्या वाट्यावर गोडाऊन उभं राहिलं. आता त्यांच्या घरात खोलीगणिक एसी आहे. माणसं आत बसून कुडकुडतात, पण मशीन बंद करायचं कुणाला सुचत नाही. त्यापेक्षा मला फोन करणं सोपं. "एक शाल घाल गो. तुझ्या दिराला बिनबाह्यांचा स्वेटर. नि पायांना काहीतरी, लादी लय गार लागते." लादी गार लागते! उभी हयात शेणाने सारवलेल्या जमिनीवर गेली यांची.

तरी मी विणते. हात रिकामे राहिले की मला माणसांचा जास्त राग येतो. खुंट्यांना पिशव्या टांगलेल्या असतात, प्रत्येकीत एक काम, आपापल्या सुयांसकट. दूध तापेपर्यंत सरळ वीण, डोकं लागत नाही अशी. टीव्हीसमोर मोजे. नक्षीची शाल घरात कुणी नसेल तेव्हाच, कारण मध्ये कुणी "चहा झाला का?" म्हटलं की ओळ हुकते. शिवाय दुरुस्तीची पिशवी वेगळी. कोपरावर विरलेले स्वेटर, टाचेला भोक पडलेले मोजे, असलं सगळं लोक माझ्याकडे आणून टाकतात. हाताची वस्तू मशीनमध्ये पिळून आणतात आणि वर मलाच म्हणतात, लोकर हलकी वापरली होती वाटतं.

या सगळ्यात माझ्या जिवाची वस्तू एकच होती. माझ्या आईने माझ्यासाठी विणलेली कुंची. पांढरी, आता सायीच्या रंगावर आलेली. ती मी घातली, माझ्या मुलीने घातली. कपाळावर जिथे काठ येतो, तिथे सरळ सुलट विणीत एकच टाका उलट पडलेला आहे, तांदळाच्या कणीएवढा वर आलेला. मी लहानपणी विचारलं तेव्हा आई म्हणाली होती, "ती तीट आहे. बाळाच्या गालाला लावतात तशी कुंचीलाही लावली. दृष्ट लागत नाही." तेव्हापासून मी विणलेल्या प्रत्येक वस्तूत मुद्दाम एक उलट टाका टाकत आले. माझी सही म्हणा.

गेल्या थंडीत जाऊबाईंनी नातवाच्या बारशाला ती कुंची मागून नेली. आवड वगैरे काही नव्हती, फोटोत "हॅन्डमेड" दिसायला हवं होतं. नेली ती परत येईना. इकडे माझी मुलगी बाळंतपणाला येऊन बसली, दिवस भरत आले, आणि माझं एकच पालुपद, बाळाच्या अंगावर आईची कुंची पडली पाहिजे. मी फोनवर फोन केले. शेवटी जाऊबाई स्वतः आल्या, गाडीतून उतरून जिन्यावर धापा टाकत.

"पाळण्याच्या हुकात अडकून फाटली होती," त्या म्हणाल्या. "पण घाबरू नको. आपल्या गोडाऊनला भाड्याने कापडवाला हाय, त्याचा रफूवाला लय हुशार. बघ, कुठं फाटली ते दाखव."

खरंच दाखवता येत नव्हतं. मी काठ चाचपला. कपाळावर बोट फिरवलं. कणी लागली नाही.

"नि इथं तुझ्या आईची एक चूक होती," त्या खुशीत म्हणाल्या, "तीपण काढून टाकली त्यानं. एकदम टकाटक."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तेवढ्यात त्यांनी आवाज खाली आणला. "तुला म्हणून सांगते, तुझ्या सगल्या स्वेटरांत एक टाका चुकलेला असतो. मी कदी बोलले न्हाय. म्हटलं, आपली बाई मनापासून करते, कशाला मन दुखवा."

म्हणजे इतकी वर्षं ही बाई माझे स्वेटर दया म्हणून घालत होती! तीट समजावून सांगावी असं जिभेवर आलं होतं. पण गाढवापुढे वाचली गीता. मी चहा ठेवला, साखर कमी घातली आणि त्यांना वाटेला लावलं.

मग कुंची उजेडात धरली. रफूवाल्याने खालचा टाका तोडला नव्हता, त्याच रंगाच्या धाग्याने वरून सुलट टाक्याचा आकार भरला होता. फाटलेल्या जागी मी हात लावला नाही. तेवढा एक धागा सुईच्या टोकाने उसवला. आईची कणी जागच्या जागी होती. मला रडूच आलं.

तो विजय सांगायला मी गल्लीच्या टोकाला मावशीकडे गेले. आईची धाकटी बहीण, आता तीच एक उरली आहे. जाऊबाईंची नक्कल करून मी सगळं सांगितलं. मावशी हसायला लागली ती थांबेचना.

"तीट कसली? चुकली होती तुझी आई. बारसं तोंडावर आलेलं, उसवणार कधी? तुझ्या आजीनं इचारलं तवा ठोकून दिलं, तीट हाय म्हणून. आजीला पटलं, मग आम्ही पण गप बसलो."

मी घरी येऊन पिशव्यांकडे पाहत बसले. प्रत्येक सुईवर एकेक मुद्दाम केलेली चूक. अर्ध्या भिवंडीच्या अंगावर मी तीट म्हणून चुका चढवल्या होत्या, आणि हे पहिल्यांदा ओळखलं कुणी, तर लादी गार लागते म्हणणाऱ्या बाईने. मुलीला सांगितलं तर ती पोट धरून हसली. म्हणाली, "राहू दे गं. चूक तर चूक, आजीचीच आहे ना." मीही राहू दिली. जाऊबाईंचं म्हणणं खरं निघालं, एवढ्यासाठी तरी मी तो टाका परत झाकणार नव्हते.

बारशाला सगळी इमारत लोटली. नातीला कुंची घातली, बायका पाळणा म्हणायला जमल्या. जाऊबाई अंगभर दागिने घालून आल्या, वाट काढत सरळ पाळण्याशी. वाकून बाळाकडे पाहिलं, आणि त्यांची नजर कपाळावरच्या टाक्यावर थांबली. मी वाटच बघत होते. म्हटलं, बोला आता चारचौघींत, मीही सोडणार नाही.

त्यांनी आजूबाजूच्या बायकांकडे पाहिलं. मग बाळाचे गाल कुरवाळल्यासारखं करून कुंचीचा काठ अंगठ्याने अलगद आत दुमडला, टाका झाकेल इतकाच. पाळण्याची दोरी घेऊन मी उभी होते, तिथे माझ्याजवळ सरकल्या आणि कानाशी म्हणाल्या, "घाबरू नको. कुणाला दिसला न्हाय."