तिकोनी उशी

रामलिंग मूळचा नेसरीचा. शाहूपुरीतल्या एका हाडांच्या दवाखान्यात ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, कामाला. काम काय, तर ऑपरेशनच्या आधी माणूस टेबलावर नीट ठेवायचा. ऐकायला सोपं वाटतं. पण भूल दिलेल्या माणसाला अवघडलं तरी सांगता येत नाही बघा. हात फळीवर जरा जास्त ताणला गेला, टाचेखाली गादी घालायची राहिली, की मोडलेलं हाड जुळतं आणि माणूस दुसरंच दुखणं घेऊन घरी जातो. म्हणून रामलिंग डोक्याखाली जेलची चुंबळ, पाठीला वाळूची पिशवी असं एकेक लावत जायचा आणि त्या बेशुद्ध माणसाशी बोलत राहायचा. "झालं हं, झालं. दुखू देत न्हाय."

सिस्टर हसायच्या. "अण्णा, त्यांना ऐकू येत नाही."

"मला येतंय की," हा म्हणायचा.

गावाकडं मात्र त्याला वेगळ्याच कामाला बोलवायचे. लिंगायतांत माणूस गेला की आडवा पुरत नाहीत. मांडी घालून बसवतात, डाव्या तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग ठेवतात आणि बसता तसाच मातीत ठेवतात. हे सगळं अंग ताठायच्या आत व्हायला लागतं. नेसरीत कुणाच्या घरी असं झालं की दवाखान्यात फोन यायचा, रामलिंगअण्णाला लवकर सोडा. हा गेला की घरच्यांवर पहिलं खेकसायचा, "आधी बसवा, मग रडा." त्यानं बसवलेलं माणूस मान न टाकता बसायचं, जसं काही आता चहा मागेल.

तर अशा माणसाची बायको, शिवम्मा. न्हाणीत पाय घसरला आणि उजवा खुबा मोडला. दवाखाना घरचाच. खुब्याचा गोळा बदलायचा ठरला. रामलिंगनं तिला आपल्या हातानं टेबलावर घेतली, कुशीवर वळवली, गुडघ्यांत मऊ गादी घातली. ऑपरेशन चांगलं झालं. मग नेहमीप्रमाणे दोन पायांच्या मधे फोमची तिकोनी उशी आली, वरनं पट्टे. पाय एकमेकांवर जाऊ द्यायचे नाहीत, नाहीतर नवा गोळा निसटतो. डॉक्टरांनी बजावलं, मांडी घालायची नाही.

डॉक्टर गेल्यावर शिवम्मानं विचारलं, "कवाच न्हाय?"

"कवाच न्हाय."

"आणि मेल्यावर?"

रामलिंग पट्टा लावत होता. "मेल्यावर डॉक्टरचं कोण ऐकतंय? मी हाय की बसवायला."

"चेष्टा न्हाय वो. मला आडवी टाकू नका. आडवं पडून वरनं माती म्हटलं की मला भ्या वाटतंय."

"बसवतो म्हटलं की. आणि दुखू बी देत न्हाय."

तेवढ्यावर ती हसली आणि झोपली. रामलिंग रोज ओटीतनं खाली यायचा, उशी सरकलेली असली तर नीट करायचा, पट्टा आवळायचा आणि वर जायचा.

मग एका सकाळी त्याला मास्कसकट खाली बोलावलं. रक्ताची गाठ छातीत गेली म्हणाले. तो पोचेपर्यंत संपलं होतं.

आणि इथंच घात झाला. रामलिंग रडला नाही. त्यानं पलंग सपाट केला. पाय सरळ केले. धावपळीत बाजूला पडलेली तिकोनी उशी उचलली, पायांच्या मधे घातली, पट्टे आवळले. हात अंगालगत लावले आणि वरनं चादर ओढली. बायको गेली हे त्याला कळलं होतं, त्याच्या हातांना नव्हतं कळलं. मग बाहेर बाकावर जाऊन बसला. मुलगी सौंदर्या पुण्याहून यायची होती, तिला आईचं तोंड बघायचं होतं. ती आली, गाडी निघाली, गडहिंग्लज मागं पडलं. एवढ्या वेळात त्याच्यावर खेकसणारं कोणी नव्हतं, कारण ते काम त्याचंच होतं.

नेसरीत सोप्यात चादर काढली तेव्हा दिवस मावळत होता. दोन पाय फाकलेले, लाकडासारखे ताठ, आणि मधे ती उशी. रामलिंग बघतच राहिला. अहो, अख्ख्या गावाची माणसं बसवली या माणसानं, आणि स्वतःच्या बायकोला बांधून ठेवली.

विधी करायला आलेले अय्या हळूच म्हणाले, "राहू दे, रामलिंगा. आडवंच ठेवू. शिव समजून घेतो."

"शिव घेईल," रामलिंग म्हणाला. "तिला भ्या वाटतंय."

त्यानं कढत पाणी मागवलं, तेल मागवलं आणि सगळ्यांना बाहेर काढलं. सौंदर्या हलली नाही. त्यानं पट्टे सोडले, उशी काढली. गरम फडक्यांनी शेकून, चोळून चोळून गुडघे हळूहळू वाकले. डावा पाय आत आला. राहिला उजवा. तो आत घ्यायचा तर खुब्याला नेमकं तेच वळण द्यायला हवं होतं, जे देऊ नका म्हणून तो जन्मभर लोकांना सांगत आला होता.

"झालं हं, झालं," तो म्हणाला. "दुखू देत..."

आणि त्यानं जोर दिला. आत खट् वाजलं.

"अप्पा," सौंदर्या म्हणाली, "दुखलं की वो तिला."

शिवम्मा मांडी घालून बसली. अय्यांनी तळहातावर लिंग ठेवलं, कपाळाला विभूती लावली. बाहेरची माणसं आत आली आणि म्हणाली, काय बसवलंय रामलिंगअण्णानं, जित्ती वाटतीया. तो भिंतीकडं तोंड करून उभा होता. असं कौतुक वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये.

शिवम्माचे दिवस झाल्यावर तो उशी धुऊन घेऊन कामावर परतला. उशी दवाखान्याची होती. टेबलावर एक म्हातारी होती, खुब्याचीच. रामलिंगनं चुंबळ लावली, पिशवी लावली, टाचेखाली गादी सारली. ओटी गप्प होती. सिस्टरलाच राहवलं नाही.

"अण्णा, बोला की त्यांच्याशी. सवय झालीय आम्हाला."

"त्यांना ऐकू येत न्हाय," रामलिंग म्हणाला आणि पट्टा आवळला.