मर्लचा मसावि

टास्मानियाच्या आमच्या खोऱ्यात मर्लबाईला सगळे खुळी म्हणायचे, आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं. नवरा गेल्यावर माणसं बाग करतात, कुत्रं पाळतात. गणिताच्या या निवृत्त मास्तरीणबाईनं आकडे फोडायला घेतले, तेही तीनशे-तीनशे अंकी! असला आकडा मूळ संख्या नाही, संयुक्त आहे, एवढं संगणक चहा निवायच्या आत सांगतो. पण कुठल्या दोन आकड्यांच्या गुणाकारातून तो झालाय हे शोधायला सात जन्म पुरत नाहीत. म्हणून तर हल्ली संगणकातली कुलपंही असल्याच आकड्यांची करतात. आकडा चारचौघांत उघडा, त्याचे दोन तुकडे म्हणजे किल्ली, आणि ती मालकाच्या पोटात.

“ताई, त्या आकड्यांचं काय लोणचं घालणार आहेस?” धाकटा भाऊ कीथ विचारायचा. धरणाच्या खाली, नदीकाठच्या सपाटीवर त्याचं सुट्टीला येणाऱ्यांसाठी तंबूंचं मैदान होतं.

“तू तुझे मासे मोज,” ती म्हणायची.

जगभरातली तिच्यासारखीच वीस-पंचवीस खुळी इंटरनेटवर जमायची. कुणीतरी आकडा टाकायचा, बाकीच्यांनी फोडायचा. कुठून आणलास, असं विचारणं असभ्य. आणि ज्याला फुटला त्यानं तुकडे लगेच सगळ्यांपुढे मांडायचे, नाहीतर मान दुसराच घेऊन जायचा.

इस्टरच्या शनिवारी सकाळी क्लॅरी नावाच्या गड्यानं दोन आकडे टाकले. मर्लबाईला काय सुचलं कोण जाणे, फोडायच्या भानगडीत न पडता तिनं दोघांचा मसावि काढला. अगदी शाळेतल्यासारखा: मोठ्याला धाकट्यानं भागायचं, उरलेल्या बाकीनं धाकट्याला, असं शेवटपर्यंत. एक्क्याण्णव आणि एकशे तेहतीस घेतले तर सात हाती लागतो, दोघांनाही भाग जाणारा. एरवी या कुलपांचा मसावि नुसता १ यायचा. आज दीडशे अंकी मूळ संख्या बाहेर आली. कुलपं करणाऱ्या कुणा आळशानं दोन्हींत एकच तुकडा वापरला होता! एकेकटे होते तोवर दोन्ही आकडे अभेद्य होते, शेजारी ठेवल्याबरोबर दोन्ही फुटले.

म्हातारी आनंदानं उडालीच. तिनं तुकडे मांडले, खाली स्वतःचं नाव घातलं आणि इस्टरच्या गोड पावाला लोणी लावून खात बसली. मंडळींनी नेहमीसारखी टिंगल केली. एक अनोळखी मात्र नुसतंच ‘आभार’ लिहून गेला.

ते ‘आभार’ तिला खुपलं. तिथं आभार कधी कुणी मानत नसे. तिनं रीत मोडली आणि क्लॅरीला फोन लावला.

“कुठून आणलेस रे हे?”

“तुमच्याच तिकडचे की, मर्ल. धरणाच्या दोन दरवाजांची कुलपं आहेत म्हणे, संगणकावरून लांबूनच उघडायची. का गं?”

तिनं तुकडे पुसले, पण पुसून काय होणार? पाहणाऱ्यांनी पाहिले होते. धरणाच्या कचेरीत फोन केला, तर भरून ठेवलेला आवाज म्हणाला, सुट्टी आहे, मंगळवारी बोला. मग तिनं कीथला गाठलं.

“कीथ, मैदान रिकामं कर. आत्ताच्या आत्ता!”

“आज? अगं, पाय ठेवायला जागा नाहीये. काय झालं, आकडा चावला?”

“धरणाचे दरवाजे आता कुणीही उघडू शकतं. माझ्यामुळं, कीथ. मी मूर्ख आहे.”

“अगं ताई, दरवाजे उघडायच्या आधी भोंगा वाजतो. ऐकलास तू? नदी गुडघाभर आहे. पोरं पाण्यात उभी राहून गळ टाकतायत.”

“भोंगा माणसं वाजवतात रे गाढवा! पोरांना वर काढ!”

तो हसला. मग हसायचा थांबला.

“थांब जरा. पाणी गढूळ कसं काय झालं?”

मर्लबाई फोन कानाशी घट्ट धरून उभी राहिली. पलीकडं कीथ एकेका पोराला नावानं हाका मारत धावत सुटला होता. भोंगा काही वाजला नाही.