धरून ठेवलेली सीट

सागवानाच्या भुशाचा वास आला, की नांदुऱ्यातलं ते तिकीट कार्यालय आठवतं. विमान तिकिटं विकण्यासाठी आम्ही बनवलेलं सॉफ्टवेअर तिथे पहिल्यांदाच चालत होतं. तिकिटासाठी समोर बसलेल्या सुताराच्या कपड्यांना भुसा लागला होता. दुसऱ्या दिवशी दुबईला पोचला नाही, तर त्याचं काम जाणार होतं. एजंट त्याचा पासपोर्ट क्रमांक भरत असतानाच शेवटची सीट नाहीशी झाली. “काऊन गेली हो? आत्ता तं होती,” एजंटने मला विचारलं. चाचणी म्हणून मीच ती माझ्या नावावर धरली होती. मी तसं सांगितलं. “तुमाले जाचं हाये काय दुबईले?” सुताराने शांतपणे विचारलं. मी आरक्षण सोडलं. सीट परत येईलच, याची खात्री नव्हती. तिघेही पडद्याकडे बघत राहिलो. सहाव्या मिनिटाला ती दिसली, एजंटने तिकीट काढलं आणि सुतार दुबईला गेला. मी अजून एकदाही विमानात बसलेलो नाही.