सुन-इमची पाच पानं

प्यो सुन-इम कोरियातल्या इंचन शहरात, आमच्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर राहते. चाळीस वर्षं तिनं लग्नाचे रेशमी पोशाख शिवले. मागच्या वसंतात तिला पक्षाघाताचा झटका आला नि उजवा हात लुळा पडला.

अडीच महिन्यांनी ती इस्पितळातून आली, ती थेट गॅलरीत गेली. तिथं तिचं लाडकं सक्युलंट होतं, जाड निळसर पानांचं, उमललेल्या गुलाबासारखं. नवऱ्यानं, बोंग-सिकनं, त्याला रोज न चुकता पाणी घातलं होतं. खोड काळं पडून कुजलं होतं.

"जीव लावला गं मी त्याला!"

"जीव कुठला, पाणी लावलंत. महिन्यातून दोनदा म्हणून सांगितलं होतं ना?"

वरची चौदा पानं तेवढी टणक होती. पानापासून नवं रोप होतं, पण ते बुडासकट निघावं लागतं. बूड तुटलं की पान वाया.

"थांब, मी काढतो."

"तुमच्या दोन हातांनी केलेलं दिसतंय मला. कुंडी धरा नुसती."

डाव्या चिमटीत पान धरून ती हलकेच इकडून तिकडे हलवायची. पहिली चार फाटली. पाचवं अख्खं आलं. घामाघूम होऊन तिनं चौदातली पाच धड काढली, कोरड्या मातीवर ठेवली आणि बोंग-सिकची झारी आमच्या घरी पाठवून दिली.

तीन पानं सुकली. चौथ्याला नुसतीच मुळं फुटली. पाचव्याच्या बुडाशी दीड महिन्यानं मोहरीएवढा कोंब दिसला.

"ताई, एकच?" मी म्हटलं.

"पुढच्या वर्षी त्याची पानं मोज."

तोवर बोटांना सराव म्हणून रोज संध्याकाळी ती डाव्या हातानं सोयाबीनच्या मोडांच्या शेपट्या खुडत बसायची. बोंग-सिकला जेवायला रोज त्याच मोडांचं सार.

यंदा शरदात तिनं बावीस पानं काढली. एकोणीस अख्खी निघाली. मग रोप घेऊन ती इस्पितळाच्या व्यायामाच्या खोलीत गेली. तिथं मासळीवाला ग्वोन तोंड पाडून बसला होता. त्याचाही उजवा हात गेलेला.

"हे बायकांचं काम," तो गुरगुरला.

"मग सोपं असेल. काढा."

तीन फाटली. चौथं निघालं. कुणाला न विचारता त्यानं ते शर्टाच्या खिशात घातलं आणि घरी नेलं.