दुखण्याची शिकवणी

“दुखतं म्हणजे नेमकं काय होतं, हे जिभेला विचारू नका, गुडघ्याला विचारा,” असं ब्रदर एकदा म्हणाले होते.

सगळे त्यांना ब्रदरच म्हणत. परदेशातल्या एका इस्पितळात, पुरुषांच्या वॉर्डात, त्यांनी नर्स म्हणून उमेदीची वर्षं काढली होती. निवृत्त होऊन परतल्यावर ते परदेशी निघालेल्या नर्सना इंग्रजी शिकवू लागले. सगळं इंग्रजी नव्हे, फक्त दुखण्याचं. शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत फळा नव्हता, एक लोखंडी खाट होती. ब्रदर तिच्यावर आडवे होऊन कण्हत. नर्सनी प्रश्न विचारत विचारत नेमका शब्द गाठायचा.

“पेन दार ठोठावत नाही, थेट घुसतं,” ते सांगत. “हेडेकमधला तो ‘एक’ (ache) मात्र पाहुण्यासारखा येतो आणि मुक्काम ठोकतो. सोअर म्हणजे हात लावेपर्यंत गप्प. आपल्याकडे ठणका आहे, कळ आहे, सल आहे. त्यांच्याकडेही घर तेवढंच मोठं, फक्त भिंती दुसरीकडे घातल्यात.”

“माझ्या सासूबाईंचं दुखणं कुठल्या खोलीत बसेल हो?” एका थोराड नर्सने विचारलं.

“हात लावल्यावर ओरडतात की आधीच?”

“मी दिसले की.”

“मग तो शब्द माझ्या शिकवणीत नाही.”

वर्गात त्यांची पुतणीही होती. लहानपणापासून त्यांच्याच घरी वाढलेली. पुढच्या आठवड्यात तिचं विमान होतं. इकडे महिनाभर ब्रदरांच्या छातीत काहीतरी होत होतं. पोरीला कळलं तर ती पाऊल बाहेर टाकणार नाही, हे ते ओळखून होते. म्हणून जिना चढण्याआधी ते शिंप्याशी उगाच गप्पा मारत उभे राहत, दम परत येईपर्यंत. एकटे असले की त्या दुखण्याकडे टक लावून बसत. कळ नव्हे. चमकही नव्हे. इतक्या लोकांच्या दुखण्यांना नावं दिली आणि हे आपलंच, पण ओळख देत नव्हतं. त्यांना भीती वाटायच्या आधी कुतूहल वाटे.

त्या संध्याकाळी पोटदुखीचा धडा होता. ब्रदर खाटेवर आडवे झाले आणि त्यांचा हात पोटावर न जाता छातीवर गेला.

“ब्रदर, पोट खाली असतं!” थोराड नर्स म्हणाली. सगळ्या हसल्या. “बरं, शार्प की डल?”

ब्रदरांनी डोळे मिटले. कपाळावर घाम.

“टाइटनेस असेल,” दुसरी म्हणाली.

“टाइट तर झगा होतो. हे वरून दाबल्यासारखं दिसतंय. प्रेशर.”

“प्रेशर,” ब्रदर हळूच म्हणाले. हरवलेली किल्ली सापडावी तसा त्यांचा चेहरा झाला. नर्सनी टाळ्या वाजवल्या.

पुतणीने वाजवल्या नाहीत. तिने त्यांचं मनगट धरलं.

“काका, कधीपासून होतंय?”

“अगं, नाटक आहे.”

“नाटकात तुम्ही कण्हता. आज गप्प पडलाय.”

थोराड नर्स ॲम्ब्युलन्सला फोन लावत दाराकडे गेली.

“जरासं डिसकम्फर्ट आहे इतकंच.”

“वॉर्डात लपवणारे म्हातारे हाच शब्द वापरतात. पेन म्हणा.”

“तू जाणं रद्द करशील.”

“विमान पुढच्या आठवड्यात आहे, काका. ईसीजी आत्ता. जायचं की नाही ते मी कागद बघून ठरवीन. तुम्ही नाही.”

त्यांनी तोंड उघडलं. तिने नाडी मोजता मोजताच मान हलवली, आणि ते मिटलं.

खाली गाडी आली. दोघींनी त्यांना बसवून न्यायला खुर्ची पुढे केली. दाब ओसरला होता. ब्रदरांनी खुर्चीकडे पाहिलं, मग पुतणीकडे. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण तिचा आवळलेला जबडा जरासुद्धा हलला नाही. ते उठले, चपला घातल्या, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि खालच्या गाडीकडे निघाले.